आवाज येऊन राहिला का? ऑनलाइन वर्गातला आवाज आणि छोट्या खोल्या, पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

आमच्या संध्याकाळच्या वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होत नाही, "सर, आवाज येऊन राहिला का?" या प्रश्नाने होते. एक पोट्टा विचारतो, दुसरा "हो बे, येऊन राहिला" म्हणतो, तिसऱ्याला दोघांचाही येत नसतो म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून विचारतो. सुरुवातीच्या महिन्यात यातच पंधरा-वीस मिनिटं जायची.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात गणित शिकवतो. नववी-दहावीची मुलं गावात, तांड्यावर आणि दोन पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, विखुरलेली. शाळा सुटली की त्यांना एसटी गाठायची असते, त्यामुळे जादा तास शाळेत घेता येत नाही. म्हणून रात्री साडेसात ते साडेआठ ऑनलाइन. मुलं २८, फोन १९. हे दोन आकडे लक्षात असू द्या, खोल्या पाडताना, म्हणजे वर्गाचे छोटे गट करताना, लागतील.

आम्ही बिगब्लूबटन वापरतो. ऑनलाइन वर्ग भरवायचं हे सॉफ्टवेअर कॅनडातल्या ओटावा शहरातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालं आणि ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे ज्याच्याकडे सर्व्हर आहे त्याला ते फुकट बसवता येतं. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या सॉफ्टवेअरमधून वर्ग भरवणाऱ्या बऱ्याच संस्था हेच वापरतात. माझ्यासाठी त्याचा मोठा गुण वेगळाच आहे: मुलांना ॲप टाकावं लागत नाही, लिंक दाबली की ब्राउझरमध्ये वर्ग उघडतो. ज्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ आणि शुभसकाळचे फोटो ठासून भरलेत, तिथे नवं ॲप बसायला जागाच नसते. झूम किंवा जित्सी वापरत असाल तरी खालचं बहुतेक लागू पडेल. बटणांच्या जागा वेगळ्या, भानगडी त्याच. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, तेवढा हिशेब मात्र आधीच ठेवा.

आधी आवाज

खोल्यांची घाई करू नका. एका खोलीचा आवाज जमला नसेल तर सहा खोल्या पाडून सहा ठिकाणी तोच गोंधळ होतो, आणि तुम्ही एका वेळी एकाच ठिकाणी असता. माझा पहिला आठवडा मी निव्वळ आवाजावर घालवला. गणिताचं एक अक्षर शिकवलं नाही. पुढच्या सहा महिन्यांत तो आठवडा वसूल झाला.

लिंक क्रोम किंवा फायरफॉक्समध्येच उघडायला सांगा. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त फोनांत कंपनीने आपलाच एक ब्राउझर आधीपासून बसवलेला असतो, आणि लिंक दाबली की तोच उघडतो. मग माइक चालत नाही आणि दोष वर्गाला लागतो. लिंक दाबून धरायची, कॉपी करायची, क्रोममध्ये चिकटवायची. आयफोन कोणाकडे असलाच तर सफारी.

नाव टाकून आत आलं की सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं आणि दोन चित्रं दाखवतं: माइक आणि हेडफोन. माइक म्हणजे बोलणार आणि ऐकणार. हेडफोन म्हणजे 'लिसन ओन्ली', फक्त ऐकणार. नव्या माणसाची पहिली ठेच इथेच लागते. मूल घाईत हेडफोनचं चित्र दाबतं, कारण कानात हेडफोन घातलेला असतो! मग तासभर बोंबलतं आणि कोणालाच ऐकू जात नाही. उपाय सोपा आहे. खाली टेलिफोनच्या रिसीव्हरचं चित्र असतं, ते दाबून आवाजातून बाहेर पडायचं, पुन्हा तेच दाबून आत यायचं, या वेळी माइक निवडायचा. वर्गातून बाहेर जायची गरज नाही.

माइक निवडला की ब्राउझर परवानगी मागतो. 'अलाऊ' दाबायचं. इथे एकदा चुकून 'ब्लॉक' दाबलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारतच नाही. पोरगं रोज म्हणतं, "माझा माइकच खराब आहे." माइक ठणठणीत असतो. वर पत्त्याच्या पट्टीत डाव्या टोकाला कुलपाचं किंवा दोन छोट्या दांड्यांचं चित्र असतं, त्यावर टिचकी मारा, परवानग्या उघडा, मायक्रोफोन पुन्हा चालू करा, पान ताजं करा. आमच्या वर्गात 'माइक खराब' असलेल्या पाच फोनांपैकी चार याने सुधारले. पाचव्याच्या भोकात पीठ गेलं होतं.

मग येते आवाजाची चाचणी. तुम्ही बोलता आणि तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येतो. ही चाचणी फक्त तुमच्यापुरती असते, वर्गाला त्यातलं काही जात नाही. मुलं इथे लाजतात, हळूच 'हॅलो' म्हणतात आणि काही ऐकू आलं नाही तरी होकाराचं बटण दाबून मोकळी होतात. मी त्यांना सांगितलं, की इथे पंधराचा पाढा म्हणायचा, 'पाचा पंचाहत्तर'पर्यंत. तेवढ्यात आवाज येतो की नाही हे नक्की कळतं आणि पाढाही होतो. आवृत्तीनुसार हा पडदा थोडा वेगळा दिसेल. कुठे अंगठ्याची दोन चित्रं असतात, कुठे बोलताना हलणारी पट्टी.

एक गोष्ट मुलांना आणि घरच्यांना दोघांनाही सांगून ठेवा: वर्ग चालू असताना फोन आला आणि उचलला, तर माइक त्या फोनकडे जातो. बोलणं संपल्यावर तो आपसूक परत येईलच असं नाही. पुन्हा रिसीव्हरचं चित्र, बाहेर, आत. काका पुण्याहून फोन करतात तो नेमका साडेसातलाच.

गोंगाट

आपल्याकडे माइकचा सर्वांत मोठा शत्रू कूलर आहे. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात, तरी पाऊस नीट लागेपर्यंत कूलर काही बंद होत नाही. ब्राउझर स्वतःहून मागचा गोंगाट कापायचा प्रयत्न करतो, पण कूलरच्या घरघरीसोबत तो मुलाचा आवाजही कापतो, आणि समोर तुटक-तुटक शब्द पोचतात. बाहेरून ते रेंज नसल्यासारखं वाटतं. मी दोन आठवडे नेटवर्कला शिव्या दिल्या, मग एका मुलीने सपरीत, म्हणजे ओसरीत, येऊन बोलून दाखवलं तेव्हा उमगलं. कूलर बंद करा म्हणणं मात्र चालणार नाही, घरात म्हातारी माणसं असतात. बोलायचं असेल तेवढ्यापुरतं उठून बाहेर यायचं, किंवा पाठ कूलरकडे करून फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा. वीतभरच. ओठाला लावला की फुसफुस, हात लांब केला की विहिरीतून आल्यासारखा आवाज.

टिनावरचा पाऊस, पिठाची चक्की, यांना इलाज नाही. म्यूट राहायचं, म्हणजे माइक बंद ठेवायचा, आणि चॅटमध्ये लिहायचं. गावात सूर्यास्ताला सामुदायिक प्रार्थना कर्ण्यावर लागते, म्हणून आम्ही वर्गाची वेळ सातची साडेसात केली. हे वेळापत्रक ठरवण्याआधीच विचारात घ्या.

साधा तारेचा इअरफोन, ज्याच्या तारेवर माइकची गोळी असते तो, सगळ्यात भरवशाचा. गोळी कॉलरला घासली की खरखर येते, तेवढी सांभाळायची. ब्लूटूथवाला शक्यतो टाळा. त्याचा माइक चालू झाला की ऐकू येण्याचा दर्जा घसरतो, आणि चार्जिंग ऐन वेळी संपतं.

दोन फोन एकाच घरात असले तर काय होतं? पहिल्याच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये, तो पुन्हा पहिल्यात, आणि लग्नाच्या मंडपात मास्तरांनी माइक कर्ण्यासमोर नेल्यावर येते तशी कानठळ्या बसवणारी शिट्टी. एका वाड्यात दोन मुलं असतील तर एकाच फोनवर बसायचं. दोन फोन हवेच असतील तर दोघांनीही इअरफोन लावायचे आणि लांब बसायचं.

शिट्टी कोणाकडून येतेय हे शोधायला बिगब्लूबटनमध्ये छान सोय आहे. ज्याच्या माइकमध्ये आवाज जातो त्याचं नाव वर झळकतं. कोणी बोलत नसताना नाव झळकत असेल तर चोर सापडला. तुम्ही मॉडरेटर, म्हणजे वर्ग चालवणारे, असाल तर त्या नावावरच टिचकी मारा, तो म्यूट होतो. सगळ्यांना एकदम गप्प करायचं असेल तर सहभागींच्या यादीजवळच्या दातेरी चाकात सगळ्यांना म्यूट करण्याची आणि सादरकर्ता सोडून बाकी सगळ्यांना म्यूट करण्याची अशा दोन सोयी आहेत. दुसरी घ्या. पहिली घेतलीत तर तुम्हीही गप्प होता आणि पाच मिनिटं एकटेच शिकवत बसता. माझं झालंय. सहसा तुम्ही मुलाला म्यूट करू शकता, पण त्याचा माइक तुम्हाला उघडता येत नाही. ते बरोबरच आहे. कोणाच्या घरातलं बोलणं आपल्या हाताने वर्गात उघडं पडू नये.

कॅमेरे बंद ठेवा. आवाजाला सेकंदाला ४० किलोबिट धरले तरी तासाला १८ एमबी होतात, एवढं रोजच्या पॅकमध्ये सहज बसतं. कॅमेरा त्याच्या कित्येक पट खातो. सेटिंगमध्ये 'डेटा सेव्हिंग' नावाचं पान आहे, तिथे इतरांचे कॅमेरे आपल्या फोनवर येणं प्रत्येकाला बंद करता येतं. पोडावरच्या मुलांना हे पहिल्या दिवशीच करून द्या. त्यांना रेंज धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भेटते, घरात नाही.

खोल्या पाडायच्या कशासाठी

इंग्रजीत 'ब्रेकआउट रूम', आमच्या वर्गात नुसत्या 'खोल्या'. मोठ्या वर्गात बोलणारे चारच असतात आणि ते कोण हे तुम्हाला वर्गात पाऊल टाकण्याआधी ठाऊक असतं. मागच्या बाकावरची मुलगी १९ फोनांसमोर तोंड उघडणार नाही. तीन जणांत उघडते. मला तरी खोल्यांचा एवढा एकच उपयोग पटलेला आहे, पण तो फार मोठा आहे.

आता ते दोन आकडे. सॉफ्टवेअर माणसं मोजत नाही, फोन मोजतं. चार-चार जणांच्या खोल्या पाडायच्या म्हणून 'रँडम' बटण दाबलंत तर एका खोलीत चार फोन आणि त्यामागे नऊ मुलं, दुसरीत चार फोन आणि चार मुलं, असं होतं. म्हणून आत येताना नावाच्या जागी हजेरी क्रमांक टाकायला सांगा, एका फोनवर जेवढे बसलेत तेवढे सगळे: '१४-२७' किंवा '३-९-२२'. यादीकडे बघताक्षणी कोणत्या फोनमागे किती डोकी आहेत ते दिसतं. मी खोलीत चार-पाच डोकी धरतो, फोन कधी दोन, कधी चार. त्यातला किमान एक फोन चांगल्या रेंजचा असावा.

प्रत्यक्ष पाडताना

संगणकावर बसा. फोनवरून जमतं, पण नावं इकडून तिकडे हलवताना बोटं दुखतात.

सहभागींच्या यादीजवळच्या दातेरी चाकात खोल्या तयार करण्याचा पर्याय असतो. तो फक्त मॉडरेटरला दिसतो. दिसत नसेल तर तुम्ही साधे सहभागी म्हणून आत आला आहात. बाहेर जा, तुमच्या स्वतःच्या लिंकने या. पडद्यावर खोल्यांची संख्या विचारली जाते आणि वेळ. वेळ आधीपासून १५ मिनिटं भरलेली असते. पहिल्यांदा ती तशीच ठेवा. दहा मिनिटं कमी पडतात, कारण त्यातली चार खोलीत शिरण्यात जातात.

मग नावं ओढून-ओढून खोल्यांत टाका. पहिल्या वेळी दहा मिनिटं लागतील, म्हणून हे वर्ग चालू असताना करू नका. मुलांना एक उदाहरण सोडवायला द्या आणि ते सोडवत असताना करा. खोल्यांना नावं देता येत असतील तर द्या. आमच्या खोल्या वर्धा, पैनगंगा, अरुणावती, बेंबळा अशा नद्यांच्या नावाच्या आहेत. 'खोली क्रमांक तीन' कोणी लक्षात ठेवत नाही.

तिथेच एक चौकोन असतो: सहभागींना खोली स्वतः निवडू द्या. त्यावर खूण करा. शिस्तीच्या दृष्टीने चुकीचं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण आपल्याकडे मुलगा खोलीत असताना नेटवर्क जाणारच. तो लिंकने परत येतो तेव्हा सॉफ्टवेअरच्या लेखी तो नवा माणूस असतो, तुम्ही त्याला कोणत्या खोलीत टाकलं होतं ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं. निवडीची मुभा असेल तर तो आपला आपण 'पैनगंगा' दाबून परत जातो. नसेल तर मोठ्या वर्गात एकटाच बसतो, आणि तुम्ही दुसऱ्याच कुठल्या खोलीत असता.

सुरू केलं की प्रत्येकाच्या पडद्यावर खोलीत जाण्याचं विचारलं जातं. होकार दिला की ब्राउझरचा नवा टॅब उघडतो. इथे दोन ठेचा. ब्राउझर कधीकधी नवा टॅब अडवतो आणि वर बारीक अक्षरात कळवतो, 'पॉप-अप ब्लॉक केलं'. तिथे परवानगी द्यायची. दुसरी म्हणजे खोलीत गेल्यावर पुन्हा तोच माइक-हेडफोनचा प्रश्न येऊ शकतो, आणि खोलीचा आवाज जोडला की मोठ्या वर्गाचा आवाज सुटतो. मुलांना वाटतं सर गायब झाले. आधीच सांगा: खोलीत सर ऐकू येणार नाहीत, सर येतील तेव्हा येतील. आणि माइकच निवडायचा. हेडफोन निवडून चार जण एका खोलीत बसले तर मौनव्रत होतं.

खोलीत पाठवण्याआधी काम सांगा, लिहून द्या, आणि एकाने तेच मोठ्याने वाचून दाखवावं. आत गेल्यावर फळा दिसेलच असं नाही. मी मुलांना ते वहीत उतरवून घ्यायला लावतो. आमचं पहिलं चांगलं जमलेलं काम हे होतं: शेतात १२ क्विंटल ४० किलो कापूस निघाला. भाव क्विंटलला ७,००० रुपये धरा, वेचणी किलोला १० रुपये. वेचणी देऊन हातात किती राहिले? उत्तर ७४,४०० रुपये, ते पाच मिनिटांत निघालं. पण एका खोलीतून आवाज आला, "सर, फवारणीचा खर्च तं धरलाच नाही तुम्ही." मग बियाणं, खत, फवारणी, भाड्याचा ट्रॅक्टर, सगळं त्यांनी आपापल्या घरच्या आकड्यांनी धरलं. सगळ्या खोल्यांची उत्तरं वेगळी आली आणि सगळीच बरोबर होती. अशी कामं द्या. एकच उत्तर असलेलं उदाहरण खोलीत दिलं की एक जण सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात.

प्रत्येक खोलीत एकाला बोलायचा क्रम लावायचं काम द्या. आमची पोरं त्याला सरपंच म्हणतात. सरपंच दर आठवड्याला बदलतो, आणि तो कधीच वर्गातला हुशार मुलगा नसतो, एवढा एक नियम मी पाळतो.

तुम्हाला मुख्य वर्गात बसूनच प्रत्येक खोलीची नावं दिसतात, आणि कोणत्याही खोलीत जाता येतं, किंवा नुसता तिथला आवाज जोडता येतो. गेलात की आधी 'मी आलो' म्हणा. चोरून ऐकणं मुलांना लगेच कळतं, नाव यादीत दिसतंच. मुलींच्या घरच्यांना मात्र पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं, की खोलीत सर कधीही येऊ शकतात आणि घरचं माणूस शेजारी बसून ऐकलं तरी चालेल. दोन घरांतून फोन मिळू लागला तो हे सांगितल्यावरच. खोल्यांचं रेकॉर्डिंग साधारणपणे होत नाही, तेही सांगा. मुलं आणखी मोकळी होतात.

लाईन गेली तर

जाईलच. पेरणीच्या दिवसांत डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की दोन-दोन दिवस येत नाही. तुमची लाईन गेली तरी खोल्या मोडत नाहीत. त्या सर्व्हरवर चालतात, वेळ संपेपर्यंत मुलं आपापलं बोलत राहतात. तुम्ही मोबाइल डेटावरून परत या. मात्र दुसरा कोणी मॉडरेटर वर्गात असेल तर जीव शांत राहतो. मी आमच्या शाळेत शिकून गेलेल्या बी.एस्सी.च्या मुलीला केलं आहे. ती तालुक्याच्या गावी राहते, म्हणजे दोघांची लाईन एकदम जात नाही.

आणि सगळंच बंद पडलं तर साधा फोन. प्रत्येक सरपंचाला मी फोन करतो, तो स्पीकरवर टाकतो. शोभेचं नाही, पण तास वाया जात नाही.

परत

वेळ संपत आली की खोलीत उरलेली मिनिटं दिसू लागतात, आणि शून्यावर खोली आपोआप बंद होते, वाक्य अर्धं असलं तरी. दोन मिनिटं उरली असताना सगळ्या खोल्यांना एकदम निरोप पाठवता येतो, तो पाठवा. काम रंगात आलं असेल तर वेळ वाढवता येते, तीही खोल्यांच्या यादीतूनच. खोली बंद झाल्यावर मुलं मोठ्या वर्गात येतात, पण आवाज प्रत्येकाचा आपसूक जोडला जातोच असं नाही. पुन्हा रिसीव्हरचं चित्र. म्हणून परत आल्याबरोबर प्रश्न विचारू नका. आधी हजेरी घ्या, एकेका फोनची. 'येस सर' ऐकू आलं म्हणजे त्या फोनचा आवाज परत आला.

शेवटचं बटण. बाहेर पडण्याच्या जागी दोन पर्याय असतात: मीटिंग सोडणे आणि मीटिंग संपवणे. सोडली तर तुम्हीच जाता, वर्ग चालूच राहतो. एकदा मी नुसताच बाहेर पडलो आणि जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी एका आईने शाळेत येऊन विचारलं, "गुरुजी, काल साडेनवापर्यंत तास होता काय जी?"